नाचणी कुठून आली? : एका हिशेबनिसाचं मनोगत

(पाली येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, आज आवर्जून आलेले आपले सर आणि बाई, रात्रीच्या गाडीनं झोपमोड करून आलेले मुंबई-पुण्याचे चाकरमानी, आणि इथंच राहून गाव, शेती आणि ही शाळा सांभाळणारे माझे वर्गमित्र-मैत्रिणी,

संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटं बोल." आधीच्या वक्त्यांत डॉक्टर झाले, इंजिनीअर झाले, सैन्यातला एक सुभेदार झाला. त्यांच्यानंतर हिशेबनिसाला उभं करणं म्हणजे श्रीखंडानंतर कुळथाची पिठी वाढण्यासारखं आहे. पण पिठी पचायला बरी, एवढं लक्षात घ्या आणि सांभाळून घ्या.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या लेखा विभागात मी ३१ वर्षं नोकरी केली. मी पुरातत्त्वज्ञ नाही आणि इतिहासकारही नाही. उत्खननाच्या जागी मी गेलो तो मजुरीची हजेरी तपासायला. मात्र संशोधनाला पैसा कुठून येतो, कुठं अडतो आणि कुठल्या कामाला कधीच मिळत नाही, हे मी रोज बघितलं. त्यातलं आपल्या गावाशी आणि आज दुपारच्या सभेशी ज्याचा संबंध आहे, तेवढंच सांगणार आहे.

सुरुवात आपल्या डब्यापासून करू. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या डब्यात नाचणीची भाकरी असायची. वरकस जमिनीत दुसरं काही पिकत नसे, म्हणून नाचणी. तिची आपल्याला थोडी लाजही वाटायची. पोळीवाला डबा उघडा असायचा, भाकरीवाला झाकणाआड. ही नाचणी आपल्याला इतकी घरची वाटते, की ती कुठून आली असा प्रश्नच पडत नाही. ती आली आफ्रिकेतून. इथिओपियापासून युगांडापर्यंतचा जो पूर्व आफ्रिकेचा डोंगराळ पट्टा आहे, तिथल्या शेतकऱ्यांनी रानटी गवतातून नाचणी घडवली. देशावरची ज्वारीही आफ्रिकेचीच, सुदानच्या बाजूची. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. चवळीसुद्धा तिकडची. म्हणजे महाराष्ट्राच्या तिन्ही भाकऱ्या समुद्रापलीकडच्या आहेत आणि आपण त्यांना अस्सल मराठी मातीचं अन्न म्हणतो. म्हणावंच, कारण साडेतीन-चार हजार वर्षं जो या मातीत राहिला तो इथलाच झाला. पण त्याचं मूळ गाव माहीत असावं. चाकरमान्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे कळलं कसं? पुरातत्त्वाचे लोक उत्खननातली माती पाण्यात कालवतात. जळालेले दाणे हलके असतात, ते वर तरंगतात. ते गाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दाणा मोहरीपेक्षा लहान, त्यात जळून काळा झालेला. तो नाचणीचा की सावा-वरीसारख्या दुसऱ्या कुठल्या बारीक धान्याचा, हे सांगायला जन्म घालवावा लागतो. भारतात पूर्वी काही ठिकाणी नाचणी म्हणून नोंदलेले दाणे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले डोरियन फुलर यांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यातले काही नाचणीचे नसून इथल्याच गवतवर्गातल्या धान्याचे असावेत असं दिसलं. त्यामुळे नाचणी इथं नेमकी कधी आली याचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. आता बघा, हे काम करणाऱ्याला भारतातलं गवत माहीत हवं आणि आफ्रिकेतलंही. तिथल्या शेतीची रीत माहीत हवी, त्या धान्याला तिथल्या भाषांत काय म्हणतात ते माहीत हवं. एकट्यानं होणारं हे काम नव्हे. माती खणणारा आणि तो मुलूख, ती भाषा जाणणारा, असे दोघे एका ओळीत बसले तर ते होतं.

आणि इथंच पैशाची गोष्ट सुरू होते, कारण आपल्याकडे हे दोघे एका ओळीत बसत नाहीत. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. १९३९ साली संशोधन संस्था म्हणून त्याची नव्यानं सुरुवात झाली, आणि ह. धी. सांकलिया यांच्यामुळे तिथला पुरातत्त्व विभाग जगाला माहीत झाला. दिल्ली विद्यापीठात आफ्रिका अध्ययनाचा विभाग १९५५ पासून आहे. मुंबई विद्यापीठात, कालिन्याला, आफ्रिका अध्ययन केंद्र १९७१ पासून आहे. पुणे आणि कालिना यांच्यात अंतर दीडशे किलोमीटरचं. तरीही दोघांची कपाटं वेगळी. पुरातत्त्वाचा अर्ज संस्कृतीच्या खात्यात जातो, आफ्रिकेचा अभ्यास राज्यशास्त्र आणि परराष्ट्र धोरणाच्या रकान्यात पडतो. जो अर्ज दोन्ही कपाटांत बसतो, तो प्रत्यक्षात एकातही बसत नाही. "हा विषय आमच्या कक्षेत येत नाही" असं उत्तर आलेली पत्रं मी किती फायलींना लावली त्याची गणती नाही. उत्तर देणाऱ्याचा दोष नसायचा. त्याच्यापुढच्या छापील नमुन्यात तसा रकानाच नव्हता.

पण जिथं दोघे एकत्र बसले, तिथं काय झालं ते ऐका. आपल्याच कोकणातलं, अलिबागजवळचं चौल घ्या. मोठं जुनं बंदर. डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे यांनी तिथं काम केलं. दुसरीकडे केनियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या वसाहतींत मूळचे केनियाचे पुरातत्त्वज्ञ चापुरुखा कुसिंबा यांनी उत्खननं केली. दोन्हीकडे काचेचे बारीक मणी सापडले, आपल्या आजीच्या पोतीत असायचे तसले. नुसतं बघून ते कुठले हे सांगता येत नाही. मग प्रयोगशाळेत लेसरनं प्रत्येक मण्याचा केसाएवढा कण उडवून काचेत काय काय आहे ते मोजलं. एका प्रकारच्या काचेत युरेनियम जास्त आणि बेरियम कमी निघालं. चौलला नवव्या शतकापासून पुढची ही काच मिळाली होती, आणि त्याच घडणीची काच केनियात, त्याच काळातल्या जागांवर. २००८ साली हा लेख छापला गेला. त्यावर गोगटे आणि कुसिंबा यांच्यासह फ्रान्स-अमेरिकेतल्या संशोधकांची नावं आहेत. कोकणचा आणि आफ्रिकेचा किनारा शेकडो वर्षं एकमेकांशी देवाणघेवाण करत होता, ही गोष्ट आपण ऐकून होतो. आता तिचं माप हाती आलं. यातला एक जरी माणूस वजा केला असता तरी गोष्ट अर्धीच राहिली असती. चौलचे मणी पुण्यातल्या पेटीत आणि केनियाचे तिकडच्या पेटीत.

पैसा देणाऱ्यांनी ठरवलं तर काय होतं याची आणखी दोन उदाहरणं देतो. युरोपियन रिसर्च कौन्सिल नावाची संस्था आहे, ती युरोपातल्या सरकारांच्या पैशातून संशोधनाला अनुदान देते. तिच्या पैशावर ऑक्सफर्डमध्ये निकोल बोइविन यांनी 'सीलिंक्स' हा प्रकल्प चालवला. हिंदी महासागराच्या काठावरच्या लोकांनी कुठलं पीक, कुठला प्राणी, कुठली वस्तू कुठं नेली, याचा शोध. त्यात खणणारे होते, बियाणं ओळखणारे होते, आनुवंशिकीवाले होते आणि भाषेचे अभ्यासकही होते. त्यातून २०१६ साली मादागास्कर आणि कोमोरो बेटांवर तांदूळ, मूग अशा आशियाई पिकांचे जुने दाणे प्रसिद्ध झाले. मादागास्करची भाषा आग्नेय आशियातल्या भाषांच्या कुळातली आहे हे भाषेच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. मातीतून त्याला दुजोरा मिळायला दोघांची गाठ पडावी लागली.

दुसरं उदाहरण जपानचं. क्योटोच्या एका राष्ट्रीय संशोधन संस्थेनं सिंधू संस्कृती आणि पर्यावरण यावर मोठा प्रकल्प घेतला. त्याचे प्रमुख तोशिकी ओसादा. हे गृहस्थ मुंडारी भाषेचे अभ्यासक, म्हणजे झारखंडकडच्या आदिवासींची भाषा शिकलेला जपानी माणूस. भाषेच्या माणसानं उत्खननाला हात दिला. हरियाणात फर्माना इथं डेक्कन कॉलेज, रोहतकचं विद्यापीठ आणि ही जपानी संस्था यांनी मिळून काम केलं. फर्मानाच्या भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवर हळद आणि आल्याचे सूक्ष्म अवशेष अभ्यासकांना मिळाले. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची फोडणीच म्हणा.

या दोन्ही लोकांचे आभारच मानले पाहिजेत. पण आमच्या लेखा विभागात एक अनुभव पक्का झाला होता: ज्याचा पैसा, त्याचा प्रश्न. पैसा क्योटोचा असेल तर क्योटोला जे विचारायचं आहे ते विचारलं जातं. युरोपचा असेल तर युरोपला जे हवं ते. त्यात वाईट काही नाही. फक्त पालीच्या वरकस जमिनीत नाचणी केव्हा आली, किंवा आपल्या सड्यावर कोणी काय कोरून ठेवलं, हा प्रश्न त्यांच्या यादीत वर कशाला येईल? तो आपल्याच यादीत नसेल तर कोणाच्याच नसणार.

आता थोडं फायलीच्या आत नेतो. कंटाळू नका, इथंच खरी मेख आहे. उत्खननाच्या अंदाजपत्रकात मजुरी असते, गाडीभाडं असतं, तंबू असतात, हल्ली ड्रोनही असतो. या गोष्टींना मंजुरी मिळते, कारण त्या दिसतात. फोटो काढता येतो, उद्घाटन करता येतं. खोदकाम संपलं की मंडळी घरी जातात. नंतरचं काम, म्हणजे खापरं धुणं, नोंदी, दाणे तपासणं, कालमापन, चित्रं, अहवाल, हे दुप्पट-तिप्पट वेळ खातं, आणि त्याला पैसा शोधावा लागतो. पुणे जिल्ह्यात इनामगावला १९६८ ते १९८३ असं उत्खनन चाललं. अहवाल आला १९८८ साली. हे देशातल्या उत्तम कामांपैकी एक, आणि तरीही एवढा काळ लागला. इतर कित्येक ठिकाणांचे अहवाल आलेच नाहीत. अहवाल नाही म्हणजे खणलेली जागा गेली आणि ज्ञानही गेलं. पुस्तक फाडून वाचायचं आणि टिपण ठेवायचं नाही, असा तो प्रकार आहे.

मग वेळेची गोष्ट. पावसाळा संपल्यावर ते पुढचा पावसाळा येईपर्यंत उत्खननाचा हंगाम. आणि पैसा पुष्कळदा येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा या अटीवर. शेतकऱ्याला आषाढात बी द्यायचं सोडून मार्गशीर्षात द्यावं, तसं. खर्च झाला नाही तर परत करा, आणि झाला तर विनियोग प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

परदेशी पैशाचं शास्त्र आणखी वेगळं. त्याला परदेशी देणग्यांचा कायदा लागतो, बोलीभाषेत एफसीआरए. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, तो घेतलेल्या संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. पैशाचा गैरवापर होऊ नये हा सरकारचा हेतू मी समजू शकतो, हिशेबनीस आहे मी. पण परिणाम काय होतो? समजा पुण्याच्या एखाद्या संस्थेला परदेशी निधी मिळाला आणि तिला वाटलं, रत्नागिरीतल्या छोट्या संस्थेनं सड्यावरची पाहणी करावी. तो पैसा तिच्याकडे देता येत नाही. म्हणजे ज्यांच्या पायाखाली ती जागा आहे, त्यांच्यापर्यंत मोठा पैसा पोचणं मुळातच कठीण.

आणि एक काम असं, ज्याला कुठल्याच रकान्यात पैसा नाही: भाषा शिकणं. जंजिऱ्याचा सिद्दी घ्या. आफ्रिकेतून आलेली माणसं, त्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर राज्य केलं आणि ते १९४८ पर्यंत टिकलं. इथिओपियात जन्मलेल्या मलिक अंबरनं निजामशाही सांभाळली. यांचा इतिहास लिहायचा तर फारसी, मोडी, पोर्तुगीज हवी आणि आफ्रिकेच्या बाजूचं काहीतरी यायला हवं. रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपण सहलीला पाहिला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं, पुढच्या वर्षी इथं आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथंच वारला. ३० वर्षं त्याचा सारा परिवार आपल्या जिल्ह्यात राहिला. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष मुद्दाम त्याच्या समाधीपाशी येऊन गेले. आपल्या जिल्ह्यात बर्मी भाषा शिकायला निघालेलं पोर तुम्ही कधी पाहिलंत? इंग्रजांनी त्या राजाबद्दल काय लिहिलं ते आपण वाचू शकतो. त्याच्या माणसांनी काय लिहिलं, ते वाचायला दुसऱ्या कोणाकडे तोंड वेंगाडावं लागतं.

आमच्याकडे कोकणातलीच एक मुलगी संशोधनाला होती. हिंदी महासागराच्या व्यापारावर काम करायची तिची इच्छा. मार्गदर्शकांनी सांगितलं, स्वाहिली शिक, नाहीतर तिकडचं काहीच उलगडणार नाही. तिनं शिष्यवृत्तीतून शिकवणीचा खर्च मागितला. अनुदान देणाऱ्या कार्यालयानं लिहिलं, भाषा-शिक्षण हा संशोधनखर्च नाही. त्याच अंदाजपत्रकात फावडी-घमेली मंजूर होती. तिनं दोन वर्षं पदरमोड करून शिकण्याचा प्रयत्न केला, मग घरची जबाबदारी आली आणि ती एका खासगी शाळेत नोकरीला लागली. तिथं ती चांगलं शिकवते. पण तिच्या जागी तो विषय करणारं दुसरं कोणी आलं नाही. रक्कम किती होती ती? एका उत्खननाच्या आठवडाभराच्या गाडीभाड्याएवढी. फाईल मीच हाताळली होती, म्हणून सांगू शकतो.

आता आपल्या सड्यावर येतो. कातळशिल्पांबद्दल इथं सगळ्यांना माहीत आहे. उक्षी, जांभरूण ही आपल्याच तालुक्यातली गावं. तिकडे राजापुरात कशेळीला १८ मीटर लांबीचा हत्ती कोरला आहे, पोटात इतर प्राणी घेऊन. लहानपणी गुरं राखायला गेलेल्या आपल्यातल्या कित्येकांनी अशा रेषा पाहिल्या असतील आणि 'पांडवांचं काम' म्हणून पुढं गेलो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी आपापला उद्योग सांभाळून गावोगाव फिरले, गुराख्यांना विचारत राहिले, तेव्हा शेकडो चित्रं नोंदली गेली. त्यांनी आधी फिरून दाखवलं, पैसा नंतर आला. २०१८ साली राज्य सरकारनं २४ कोटींची तरतूद केल्याच्या बातम्या आल्या. २०२२ साली कोकणातल्या नऊ जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या, त्यातल्या सात आपल्या जिल्ह्यातल्या.

या चित्रांत गेंडा आहे. गेंडा कोकणात नाही, म्हणून काहींनी लगेच म्हटलं, हे आफ्रिकेचं नातं. पण गुजरातेत लांघणजला सांकलियांना गेंड्याचं हाड सापडलं होतं. गेंडा पूर्वी आपल्याकडे बराच दूरपर्यंत होता, तेव्हा आफ्रिकेपर्यंत जायची गरज नाही. उलट, दक्षिण आफ्रिकेत उघड्या खडकावर कोरलेली प्राण्यांची चित्रं पुष्कळ आहेत आणि जोहान्सबर्गच्या विद्यापीठात त्यांच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था आहे. नातं जोडायला नको, पण त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे: रेषा कोणत्या हत्यारानं कोरली, चित्रावर चित्र कुठलं, आसपास राहणारे लोक त्याबद्दल काय सांगतात. आफ्रिकेची माहिती असलेला माणूस सोबत असला की खोटी नाती गळतात आणि खरे धागे हाती लागतात. जोडीनं काम करण्याचा हा सर्वांत मोठा फायदा. दुसऱ्याचं घर ज्यानं पाहिलंय, तो आपल्या घराबद्दल उगाच फुशारकी मारत नाही.

दरम्यान सडा काही आपल्यासाठी थांबलेला नाही. चिरेखाणी चालू आहेत, रस्ते होताहेत, कलमांच्या बागांसाठी कातळ सपाट होतोय. मी याच्या विरोधात बोलत नाही. आपल्यातल्या अनेकांची घरं त्याच चिऱ्यांची आहेत आणि अनेकांची पोटं त्याच बागांवर आहेत. पण नोंद नसलेलं चित्र जेसीबीच्या एका फेऱ्यात जातं आणि गेल्याचं कोणाला कळतही नाही. नोंद असली तर निदान बोलता येतं. उक्षीला गावानं पुढाकार घेऊन शिल्पाची राखण केली, ती शिल्प आहे हे गावाला कळल्यावर.

म्हणून दुपारच्या सभेपुढं माझा एक प्रस्ताव आहे. आपल्या मंडळाच्या निधीतून प्रवेशद्वाराला कमान बांधावी असा एक विचार आहे. छप्पर गळत असतं, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसतं, तर मी तोंड उघडलं नसतं. ती कामं आधी. पण मुख्याध्यापकांनी सांगितलं की ती झाली आहेत. तेव्हा कमानीऐवजी हा हिशेब ऐका.

आपण ६० जण नियमित वर्गणी देणारे आहोत. दर माणशी महिना २०० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. त्यातले ८४ हजार एका माजी विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला, दरमहा ७ हजारांप्रमाणे वर्षभर, एकाच कामासाठी: भाषा शिकायला. फारसी, अरबी, पोर्तुगीज, स्वाहिली, बर्मी, मोडी लिपी, जे तिच्या विषयाला लागेल ते. उरले ६० हजार. त्यातले २५ हजार आठवी-नववीच्या मुलांच्या सड्यावरच्या फेऱ्यांसाठी, जुन्या बियाण्यांच्या आणि आजी-आजोबांकडून ऐकलेल्या शेतीच्या नोंदींसाठी. २० हजार त्या नोंदी छापायला, आणि त्यांच्या प्रती रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयात, डेक्कन कॉलेजात आणि कालिन्याच्या आफ्रिका केंद्रात पाठवायला. १५ हजार शिल्लक, अडीअडचणीला. हिशेब दरवर्षी शाळेच्या फलकावर लागेल.

एक अट. कोणी कुदळ हातात घ्यायची नाही. परवान्याशिवाय उत्खनन करणं कायद्यानं गुन्हा आहे आणि शास्त्रानंही चूक आहे. बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा, मालकाची परवानगी घेऊन लिहून ठेवायचं.

काल रात्री जेवताना एकानं विचारलं, "एवढ्याशा पैशानं काय होणार? आणि पालीला याचा काय उपयोग?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. लाख-दीड लाखात संशोधन होत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण मोठा पैसा कुठं जातो ते मी पाहिलं आहे. जिथं आधीपासून नोंदी आहेत आणि ज्याला दोन्ही बाजू कळतात असा एक माणूस आहे, तिथं तो जातो. आपण तो माणूस आणि त्या नोंदी तयार ठेवू शकतो. शिवाय आपला पैसा आपला असल्यामुळे ३१ मार्चचा बडगा नाही, आणि 'कक्षेत येत नाही' म्हणणारा रकाना नाही. ज्याचा पैसा त्याचा प्रश्न हे खरं असेल, तर थोडा पैसा टाकून आपला प्रश्न तरी आपल्या नावावर करून घेऊ.

आणि उपयोगाचं म्हणाल, तर २०२३ हे वर्ष भारताच्याच पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. ज्या नाचणीची आपल्याला लाज वाटायची, तिची बिस्किटं आता आपली नातवंडं मॉलमधून आणतात. बाजारानं तिला मान दिला, चांगलं झालं. पण तिची गोष्ट बाजार सांगणार नाही. ती कुठल्या माणसांनी घडवली, कोणत्या वाटेनं आली, आंबा घाटाखालच्या आपल्या वाड्यांत ती कोणी पेरत आणली, हे शोधणारा मुलगा किंवा मुलगी या शाळेतून निघाली तर मला वाटतं, कमानीवर नाव कोरण्यापेक्षा ते जास्त टिकेल.

आपल्या सरांनी आणि बाईंनी आपल्याला पाढे शिकवले, त्यावर माझं पोट भरलं. त्या पाढ्यांच्या जोरावर मांडलेला हा हिशेब त्यांच्यासमोर ठेवतो. कुठं बेरीज चुकली असेल तर त्यांनी सभेत उभं करून सांगावं, सवय आहे मला. प्रस्ताव लेखी दिलेला आहे, सूचक मी आहे, अनुमोदक दुपारी तुमच्यातून हवा.